चार वायरी, चार दोरे

कप बशीत बसायच्या ऐवजी बशीच्या काठावर टेकला, खळ्ळकन आवाज झाला आणि सकाळची शांतता मोडली.

"सांडला?" आईनं आतूनच विचारलं.

"थेंबभर," आप्पा म्हणाले.

थेंबभर कसला! अर्धा कप चहा टेबलावरून ओघळत माझ्या मांडीवर आला होता. शेजारच्या खोलीत रेणू झोपली होती म्हणून मी ओरडले नाही, नुसती उठून उभी राहिले. आप्पांनी फडकं घेतलं आणि टेबल पुसायला लागले. चहा उजवीकडे होता, ते डावीकडे पुसत होते.

"राहू द्या, मी पुसते. लक्ष कुठंय तुमचं?"

"गाडीत," आई बाहेर येत म्हणाली. "दुसरं कुठं असणार? तुझ्या बापाची धाकटी लेक आहे ती. न्हाऊ घाला, तेल पाजा, नवी पायताणं घाला. चालायचं नाव काढत नाही."

"आज चालतीय," आप्पा म्हणाले. "संध्याकाळी तुला घेऊन जातो माळावर सोनं लुटायला. मागच्या सीटवर बसवून."

"मागच्या दसऱ्यालाही हेच म्हणाला होतात."

"औंदा झाली तर झाली गं. नाहीतर राहिलीच."

हे वाक्य मी दोन दिवसांत चौथ्यांदा ऐकत होते. मला वाटायचं, शेडमुळे म्हणतात. डॉक्टर इनामदारांचा बंगला त्यांच्या मुलांनी विकला होता आणि दिवाळीनंतर तो पाडायचा होता. बंगल्याबरोबर आवारातली, आमची गाडी ठेवलेली शेडही जाणार होती. म्हणजे गाडी त्याआधी स्वतःच्या चाकांवर बाहेर पडायला हवी, एवढा साधा हिशोब मी लावला होता.

आप्पा एकतीस वर्षं डॉक्टरांच्या गाडीवर ड्रायव्हर होते. काळी, गुबगुबीत गाडी. पुढं कोचासारखी सलग सीट आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला. आप्पा ती रोज सकाळी पुसत, रविवारी धूत. आम्ही तिच्यात कधी बसलो नाही. डॉक्टर नको म्हणाले असते असं नाही, आप्पाच बसू देत नसत. सात-आठ वर्षांची असताना मी एकदा भर पावसात शाळेतून येत होते आणि गाडी माझ्या शेजारून रिकामी गेली. आप्पांनी मला पाहिलं, वेग कमी केला, आणि पुढं गेले. संध्याकाळी मी रुसून बसले तर म्हणाले, "आपली झाली की बसायचं."

आणि खरंच आपली झाली. डॉक्टर गेले, गाडी नऊ वर्षं चिंचेखाली सडली, मग मुलांनी "आप्पा, तुम्हीच न्या" म्हणून चावी हातात ठेवली. तेव्हापासून तीन वर्षं आप्पा तिच्यामागं होते. टाकीत उंदरांची घरं निघाली. ब्रेकचे रबर नवे घातले तर ते पंधरा दिवसांत फुगले, कारण ब्रेकचं तेल चुकीचं ओतलं गेलं होतं. रेडिएटर झाळून आणला, तर झाळलेल्या जागेच्या बोटभर खाली दुसरं भोक. दर वेळी फोनवर मला नवीन भाग ऐकायला मिळायचा. हे झालं की रस्त्यावर, म्हणायचे. ते झालं की दुसरं निघायचं.

त्या आठवड्यात मात्र खरोखर झालं होतं. कागदपत्रं झाली, विमा झाला. बुधवारी यासीन मेस्त्रींनी येऊन सगळं जुळवून दिलं आणि इंजिन दहा मिनिटं एका सुरात चाललं. आप्पांनी फोन इंजिनाजवळ धरून मला तो आवाज ऐकवला होता. म्हणून तर मी रेणूला घेऊन सणाला आले होते. रेणू तेव्हा साडेचार वर्षांची होती.

पण मी आले त्या दिवशी, खंडेनवमीला, गाडी पुन्हा रुसली.

खंडेनवमीला आमच्याकडे घरातली सगळी हत्यारं पूजेला लागतात. आप्पांचे पाने, पक्कड, जॅक, स्क्रू-ड्रायव्हर पाटावर मांडले, हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. एकदा पूजेला बसलं हत्यार की दसऱ्याला सोनं लुटून आल्याशिवाय उठत नाही. यासीनभाईंच्या गॅरेजातही हाच रिवाज. पाने मांडून, कुलूप घालून ते बायकोच्या माहेरी निघून गेले होते. आम्ही सकाळी पोचल्यावर, पूजेआधी, आप्पांनी रेणूला सोबत घेऊन इंजिन रॉकेलनं पुसून लखलखीत केलं होतं. दुपारी नारळ फोडला, लिंबं चाकाखाली ठेवली, चावी फिरवली. दोन धक्के, एक फटाका, आणि गप्प.

"पूजेत काही राहिलं का?" आईनं विचारलं.

"पूजेचा काय संबंध?" मी म्हणाले. मी प्रवासाचे कपडे बदलून नवऱ्याचा जुना राखाडी टी-शर्ट चढवला होता आणि तशीच शेडमध्ये आले होते. आप्पा माझ्याकडं वळून कौतुकानं म्हणाले, "जांभळा खुलतो गं तुला. तुझ्या आईला कधी खुलला नाही."

आई जांभळी साडी नेसली होती. त्या दिवशीचा नवरात्राचा रंग जांभळा होता. आई म्हणाली, "बघ, एवढी नटले तरी बोलणं मलाच." आम्ही हसलो. मला वाटलं, माझ्या टी-शर्टाची टर उडवतायत.

दसऱ्याच्या सकाळी, चहा सांडून झाल्यावर, आम्ही तिघं शेडमध्ये गेलो. आप्पा, मी आणि रेणू. रेणूला आईनं सणाचा नवा फ्रॉक घातला होता, गुडघ्यापर्यंत झालरी.

"मळवू नको," मी म्हणाले.

"आजोबांनी सांगितलंय, मी लांबूनच बघायचं."

पहिला तास बॅटरी खाण्यात गेला. चावी फिरवली की गाडी कण्हायची, थरथरायची, एखादा सिलिंडर पेट घ्यायचा, कार्बोरेटरमधून फट्ट असा आवाज यायचा आणि पुन्हा सामसूम. मग बॅटरी संपली. मग हँडल. ते पुढून घालून मी फिरवत होते आणि आप्पा आत बसून पेडल सांभाळत होते.

"आता!"

फट्ट.

"परत."

फट्ट. हँडल उलटं फिरून माझ्या मनगटावर बसलं. मी हात झटकत खाली बसले. डोळ्यांत पाणी आलं, तेही रागाचंच.

"लागलं काय गं?"

"नाही!"

"अंगठा वर ठेवायचा हँडलवर. लहानपणी शिकवलं होतं तुला."

"लहानपणी ही गाडी चालत होती, आप्पा."

यासीनभाईंना फोन लावला. मागं कोंबड्या आणि पोरांचा कालवा.

"ठिणगी हाय?" त्यांनी विचारलं.

"आहे. हात लावून बघितलं. झिणझिण्या आल्या."

"मग हायच. पेट्रोल?"

"भरपूर."

"हवा तर अल्लानं फुकट दिलीया. मग बया रुसली कुठं? ताई, ठिणगीचा पाइंट खोलून बघितला असता, पर तुमची हत्यारं पूजेत, माझीबी पूजेत. नखानं खोलू का आता?" मग जरा थांबून म्हणाले, "टोपीवरच्या वायरी कुणी काढल्या होत्या का? मी बुधवारी लावल्या तवा बरोबर हुत्या."

इंजिनाच्या बाजूला काळी टोपी असते. तिच्यातून चार जाड वायरी चार सिलिंडरांना ठिणगी वाटतात. कुणाला आधी, कुणाला नंतर, याचा क्रम ठरलेला. वायरी अदलाबदल झाल्या की नको त्या वेळी ठिणगी पडते. घोळ होऊ नये म्हणून यासीनभाईंनी प्रत्येक वायरीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला होता आणि टोपीवर त्याच रंगाचा ठिपका दिला होता. लाल, केशरी, हिरवा, पिवळा.

"आप्पा, वायरी काढल्या होत्या?"

"पुसायला काढल्या होत्या. जिथल्या तिथं लावल्यात."

"दोरे बघून?"

"दोरे बघूनच की."

"मग बराबर असतील," यासीनभाई म्हणाले. "आप्पा एकतीस वर्साचा मानूस हाय. मंग पेट्रोलच्या नळीत कचरा असंल. फुकून बघा."

फुकून बघितलं. पेट्रोल तोंडात आलं. कार्बोरेटरचं झाकण हातानं निघेल तेवढं काढलं, पुसलं, बसवलं. स्वयंपाकघरातून सांडशी आणून नळीची क्लिप आवळली. हत्यार नाही ना ते, चालतं. आई शेडच्या दारातून म्हणाली, "माझी सांडशी रॉकेलच्या वासाची झाली तर पुरणपोळी तुम्हीच लाटा." दहा वाजले, साडेअकरा झाले. गल्लीतली पोरं नव्या कपड्यांत गाडीभोवती येऊन उभी राहिली. त्यातलं एक म्हणालं, "काका, ढकलायची का? आमच्या बाबांची तर स्कूटर अशीच सुरू होते." ढकलली. बंगल्याच्या फाटकापर्यंत गेली, फाटकापासून शेडपर्यंत परत आली. फट्ट, फट्ट. पोरं हसून हसून लोळली.

शेडमध्ये परत लावताना खाली बघितलं तर मी आवळलेल्या क्लिपच्या खालून पेट्रोल ठिपकत होतं. थेंब थेंब नव्हे, चांगली ओली रेघ. आणि आप्पा त्याच रेघेवर पाय ठेवून, हातात पेटती उदबत्ती घेऊन उभे. चाकाला ओवाळायला आलेले.

"आप्पा!" मी उदबत्ती हिसकावून बाहेर फेकली. "डोळे आहेत का काय? एवढं खाली वाहतंय, दिसत नाही तुम्हाला?"

रेणू झालर धरून उभी होती.

"दिसतंय की," आप्पा म्हणाले.

मग हात पुसून ते फाटकाकडं गेले. जाताना फाटकाच्या खांबाला त्यांचा खांदा जरासा धडकला, आणि ते तसेच घरी गेले.

मी गाडीच्या बंपरवर बसले. पुण्याला परत जायला दुसऱ्या दिवशी सकाळची बस होती. आज झाली नाही तर मग कधी? यासीनभाई चार दिवस येणार नव्हते. क्लिप काढली, सांडशीनं पुन्हा आवळली. ठिपकणं थांबलं. आणि करण्यासारखं काही उरलं नाही म्हणून वायरी बघायला लागले. तेलानं काळपटलेले दोरे नखानं खरवडून पाहिले. हिरवा हिरव्यावर. पिवळा पिवळ्यावर. लाल दोऱ्याची वायर केशरी ठिपक्यावर आणि केशरीची लालवर.

मी दोनदा बघितलं. मोबाईलची बॅटरी लावून तिसऱ्यांदा.

"आजोबांनी लावल्या तेव्हा तू होतीस का इथं?" मी रेणूला विचारलं.

"हो. आमचा रंगांचा खेळ चालला होता."

"कुठला खेळ?"

"ते वायर धरतात आणि मी रंग सांगते. फोनवर पण खेळतो आम्ही. आज मी कुठला फ्रॉक घातलाय, आई कुठला ड्रेस घातलाय."

पुण्याहून रोज संध्याकाळी रेणू आजोबांशी बोलायची. नातीला रंग शिकवतायत म्हणून मी मैत्रिणींना कौतुकानं सांगितलं होतं.

"मग ही वायर कुठल्या रंगाची सांगितलीस?"

रेणू तोंडावर हात धरून हसली. "मी मुद्दाम चुकीचा सांगितला. आमच्या बाई पण सांगतात. केळं दाखवतात आणि म्हणतात, हे निळं. मग आम्ही ओरडायचं, चूक! चूक!" ती माझ्या कानाशी आली. "आजोबांना एकदापण ओळखता आलं नाही."

बाहेर कुठं तरी मिरवणुकीची हलगी वाजत होती. मी दोन्ही वायरी काढल्या. त्याला काही हत्यार लागत नाही, चिमटीत धरून ओढलं की निघतात. लाल लालवर दाबली, केशरी केशरीवर. दोन्ही पुन्हा ओढून पाहिल्या, घट्ट होत्या.

सकाळचा कप. खांब. राखाडी टी-शर्ट. फुगलेले रबर: ब्रेकच्या तेलाचे दोन डबे फडताळात शेजारी शेजारी असत, एक हिरव्या झाकणाचा आणि एक लाल. तीन वर्षं मी फोनवर हसत होते, की आप्पा, तुमची गाडी म्हणजे एक झालं की दुसरं.

हे लिहितेय तेव्हा रेणू पोहायला गेलीय आणि माझ्याकडे तासभर आहे. तरी इथं आल्यावर हात थांबतो.

आप्पा दुपारी जेवून, पडून उठून, चारच्या सुमाराला डोकं विंचरून, पांढरा सदरा-टोपी घालून आले. भांडण झाल्यावर ते नेहमी असे काहीच न झाल्यासारखे येत. मागून आई, काठापदराची साडी, हातात आपट्याच्या पानांचं तबक.

"मी चालतच जाणार आहे," आई म्हणाली. "फक्त दर्शन घ्यायला आले तुमच्या देवीचं."

"आप्पा, एकदा हँडल मारते," मी म्हणाले. "बसा आत."

"काय केलंस?"

"काही नाही. क्लिप आवळली."

ते बसले. मी अंगठा वर ठेवून हँडल फिरवलं. पहिल्या फेरीत गाडी खोकली. दुसऱ्या फेरीत पेटली. पत्र्याची शेड दणाणली, चिमण्या उडाल्या, आईच्या तबकातली पानं हलली. आप्पांनी मान एका बाजूला कलती केली आणि ऐकत राहिले.

"चारी बोलतायत," ते म्हणाले. "हर्षू, चारी बोलतायत गं."

आईनं पदर तोंडाला लावला. मग उगीच जोरात म्हणाली, "आता ऐकतच बसणार का? उघडा दार. मला मागं बसायचंय." आणि खरंच बसली. आयुष्यात पहिल्यांदा. दोन्ही हात सीटवर फिरवले आणि खिडकीची काच उगीच वरखाली केली.

मी हँडल डिकीत टाकून डाव्या बाजूनं पुढं बसले. आप्पांनी आरसा नीट केला. आरसा आधीच नीट होता. क्लच दाबला. दांडा वर उचलून पहिला गिअर टाकला. एकतीस वर्षांत जसा पडत असेल तसा, अलगद.

"रेणू बसली का गं मागं?" त्यांनी विचारलं.

रेणू गाडीच्या समोर उभी होती. बॉनेटपासून दोन हातांवर, झालरी फुलवून, दोन्ही हात वर करून नाचत. उतरतं, लख्ख ऊन तिच्या अंगावर पडलं होतं. आप्पा समोरच बघत होते.

मी हँडब्रेकवर हात ठेवला आणि ओढला.

"आप्पा, ती समोर आहे."

इंजिन चालू होतं. आई मागून "अगं ए, बाजूला हो, चिंगळे!" म्हणून ओरडली, मग पुढं वाकून तिनं आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला. आप्पांनी गिअर काढला. दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच राहिले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दोन-तीन वर्षं झाली. साखरेनं पडदा खाल्लाय म्हणतात. कडेनं दिसतं जरा. मधे धूर." ते स्टिअरिंगवरून अंगठा फिरवत होते. "म्हटलं, औंदा झाली तर झाली. रस्ता पाठ आहे मला, हर्षू. माळापर्यंत डोळे मिटून जाईन."

"माहितीय."

"एकदाच जायचं होतं."

मागं आईच्या बांगड्या वाजल्या. आप्पांनी दार उघडलं. वाटलं, उतरून घरी जाणार. पण गाडीच्या पुढच्या अंगाला हात लावत, बॉनेटवरून, दिव्यांवरून, ते डावीकडं आले. "सरक," म्हणाले. मी सलग सीटवरून उजवीकडं सरकले.

"क्लच जरा उंच धरतोय. सावकाश सोड."

"मला हा गिअर येत नाही, आप्पा."

"गिअर मी टाकतो की." त्यांनी डाव्या सीटवरून उजवा हात लांब करून दांडा धरला. तो त्यांच्या हाताच्या टप्प्यातच होता. "तू नुसतं 'दाबते' म्हण. बाकीचं माझं मला ऐकू येतं."

रेणू मागं आईच्या मांडीवर चढली. मी हँडब्रेक सोडला.

"दाबते."

पहिला पडला. गाडी फाटकातून बाहेर आली. गल्लीतल्या पोरांनी आरोळी ठोकली. चावडीपुढच्या सपाट रस्त्यावर इंजिन ओरडायला लागलं, तशी मी क्लच दाबायच्या आत आप्पांचा हात तयार झाला. "आता." दुसरा. "आता." तिसरा. लोक सोनं घेऊन माळाकडं चालले होते आणि वळून वळून बघत होते. काहींनी आप्पांना हात केला. आप्पांनी कुणालाच केला नाही, त्यांचा हात दांड्यावर होता.

"पुढं डावीकडं खड्डा आहे," ते म्हणाले.

"बुजवलाय तो, आप्पा."

"असं? कधी?"

आई मागून म्हणाली, "सायब, जरा सावकाश सांगा तुमच्या ड्रायव्हरला. माझं सोनं सांडतंय." आप्पा हसले. मोठ्यांदा, बऱ्याच दिवसांनी.

रेणू पुढच्या सीटच्या पाठीवर हनुवटी टेकून उभी राहिली. तिनं आजोबांच्या डोळ्यांसमोर हात हलवून बघितला. एकदा, दोनदा. मग माझ्या कानाला तोंड लावलं. पण कुजबुजणं तिला कधी जमायचं नाही.

"आई," ती म्हणाली, "मी आजोबांना कुठल्या रंगाची दिसते?"

आप्पांचा हात दांड्यावर तसाच होता, मी 'दाबते' म्हणायची वाट बघत.